कंबाइनला गार्ड कशाला

त्यांना मी कामावर ठेवलं नव्हतं, हे आधी सांगून टाकतो. चिरगाँवच्या रस्त्यावर अजून कोणी ना कोणी विचारतं, "सेठ जी, तुम्हारी मशीन पे वो गार्ड साब थे, वो कहाँ गए?" आणि विचारताना हसतं. जणू मीच हौसेनं त्यांना आणून बसवलं होतं. मी बसवलं नव्हतं. ते बसले. पगार त्यांनी कधी मागितला नाही आणि मी कधी दिला नाही, आणि जो पगारच घेत नाही त्याला कामावरून काढायचं कसं, हे मला आयुष्यभर धंदा करूनही उमगलं नाही.

माझं गहू कापायचं कंबाइन होतं. होतं म्हणतो, कारण आता नाही. मार्चमध्ये विदिशा-सागरकडचा गहू आधी पिकतो, मग ललितपूर, मग आमची झाशी, मग ओरई, आणि असा पिकत पिकत तो पंजाबात पोचतो. मशीनवाले त्याच्या मागे मागे वर सरकतात. एक ड्रायव्हर, एक त्याचा जोडीदार, दोन मदतनीस, एक स्वयंपाकी, आणि दर ठरवायला मालक. घर म्हणजे मागची ट्रॉली. तिच्यावर भांडी, गाद्या, डिझेलची पिंपं. आंघोळ ट्यूबवेलवर, झोप मशीनच्या पोटाखाली. या सगळ्यात गार्डचं काय काम? पण आमच्याकडे होता. अंगात पांढरा कोट, गळ्यात शिट्टी, काखेत दोन झेंड्या, एक लाल, एक हिरवी.

आमच्या झाशीत मराठी घरं मोजकी. काही जुनी, सुभेदारांच्या काळात कारकुनीला नि भिक्षुकीला आलेली, खंडेराव गेटच्या आत राहणारी, घरात अजून "माजघर" म्हणणारी. काही आमच्यासारखी, रेल्वेच्या पगारामागे आलेली. वडील लोकोशेडमध्ये फिटर होते. मी शाळेत टिकलो नाही. इलाइट चौराह्याच्या मागच्या गल्लीत ट्रॅक्टरचे जुने पार्ट विकण्यापासून सुरुवात केली. मला कोणी काही दिलं नाही. जे मिळवलं ते बोलून मिळवलं, समोरच्याला घाम फुटेपर्यंत बोलून. त्यातूनच ते मशीन घेतलं. जुनं होतं, पत्रा ठिकठिकाणी ठोकलेला, पण माझं होतं.

गार्डसाहेब मला भेटले रेल्वेच्या फाटकात. पुढचं शेत फाटक ओलांडलं की लगेच होतं, म्हणून ड्रायव्हरनं कटर काढला नाही. कटर म्हणजे मशीनच्या तोंडाला लावलेला तो रुंद, दात्यांचा पाट. रस्त्यावर जाताना तो काढून मागच्या ट्रॉलीवर लांबीनं ठेवतात, नाहीतर समोरून सायकलसुद्धा जात नाही. पण काढायला वेळ लागतो, परत जोडायला वेळ लागतो, आणि मीच म्हटलं असेन, चलो, निकल जाएगा. नाही निकला. फाटकाच्या दोन खांबांमध्ये मशीन असं अडकलं की पुढे जाईना, मागे येईना. फाटकवाला शिव्या देतोय, ट्रकवाले हॉर्न वाजवताहेत. तेवढ्यात गर्दीतून एक उंच, वाकलेला म्हातारा पुढे आला, शिट्टी फुंकली आणि सगळे गप्प झाले. कोणाला वाटलं साहेब आला. त्यांनी ड्रायव्हरकडे पाहिलं, हातानं मागे, मागे, थोडं डावीकडे, असं करत मशीन सुईतून दोरा काढावा तसं बाहेर काढलं. मग माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, "तू शेडमधल्या फिटरचा मुलगा ना? कपाळ तेच आहे. अक्कल त्याची नाही घेतलीस."

आणि ट्रॉलीवर चढून बसले. मला वाटलं पुढच्या चौकात उतरतील. ते तिसऱ्या हंगामापर्यंत उतरले नाहीत.

मालगाडीचे गार्ड होते ते. निवृत्त झाले, बायको गेली, मुलगा पुण्याला. खंडेराव गेटजवळ एक खोली होती. रोज सकाळी स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचे नि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना नावं ठेवायचे, असं मला नंतर कळलं. सांगायचे मात्र असं की आपण मोठमोठ्या मेल-एक्सप्रेसवर होतो, एका मंत्र्यानं आपल्याला डब्यात बोलावून चहा पाजला होता. माझ्या वडिलांच्या तोंडून मी ऐकलं होतं की हा माणूस आयुष्यभर कोळसा आणि सिमेंट घेऊन हिंडला. एकदा मी तोंडावर म्हटलं. ते म्हणाले, "तुझे वडील शेडच्या बाहेर कधी पडले?" आणि मंत्र्याची गोष्ट पुन्हा सुरुवातीपासून सांगितली. या वेळी चहाबरोबर बिस्किटंही होती.

रस्त्याला लागलो की ते ट्रॉलीच्या मागच्या टोकाला, एका लोखंडी खुर्चीवर, मागे तोंड करून बसायचे. खुर्ची दोरीनं बांधलेली. एप्रिलच्या उन्हात, धुळीत, तो कोट घालून. ट्रॉलीच्या मागे त्यांनी पत्र्याची एक पाटी टांगली होती, तिच्यावर इंग्रजीत एल आणि व्ही. गावातले विचारायचे, बाबा, जे का लिखो है? तेव्हा सांगायचे की गाडीच्या शेवटच्या डब्याला ही पाटी असते. स्टेशनवरचा माणूस ती बघतो, तेव्हाच त्याला कळतं की गाडी पूर्ण आली, मधेच तुटून अर्धी मागे राहिली नाही. "आमचं मशीन कशाला तुटतंय?" मी म्हणायचो. "तुटायच्या आधी सगळेच असं म्हणतात," ते म्हणायचे.

शेत म्हणजे यार्ड. बांधावर वळणं म्हणजे शंटिंग. ढाबा म्हणजे हॉल्ट. स्वयंपाक्याचा स्टोव्ह म्हणजे पँट्री, आणि पँट्रीच्या डाळीत मीठ कमी असेल तर तशी तक्रार माझ्याकडे, तोंडी, पण सगळ्यांसमोर. जवळून रेल्वे गेली की हातातलं काम टाकून ताठ उभे राहायचे, शेवटचा डबा जाईपर्यंत. मग मान हलवून खाली बसायचे. तीन हंगाम शेतात काढले पण गहू आणि जव यांतला फरक शेवटपर्यंत कळला नाही. एकदा हरभऱ्याच्या शेतात उभे राहून ड्रायव्हरला म्हणाले, गहू यंदा बुटका दिसतो. ड्रायव्हर बलकार, संगरूरकडचा सरदार, हसता हसता स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला.

पण हाच बलकार त्यांच्या हिरव्या झेंडीशिवाय गिअर टाकत नव्हता. माझं दुःख इथून सुरू होतं.

पहिल्यांदा ती गंमत होती. बलकार म्हणायचा, "बाबा जी, लाइन क्लियर?" गार्डसाहेब पाचही माणसं जागेवर आहेत का बघायचे, ट्रॉलीची पिन बघायचे, कटरच्या साखळ्या ओढून बघायचे, मग शिट्टी आणि झेंडी. सगळे हसायचे. हळूहळू हसणं थांबलं आणि सवय राहिली. मी "चलो" म्हटलं तर मशीन जागचं हलायचं नाही. सगळ्यांच्या माना मागे वळायच्या.

दर ठरवताना याचा काय त्रास होतो ते धंदा करणाऱ्यालाच कळेल. शेतकरी हट्टाला पेटला की माझा शेवटचा डाव एकच असतो, उठून जाणं. मी उठतो, "चलो भाई, आगे गाँव इंतजार कर रहा है" म्हणतो, मशीन सुरू होतं, धूर सुटतो, आणि बहुतेक वेळा दहा पावलांत मागून हाक येते, अरे रुको, रुको. ते रुको ऐकण्यासाठी मशीन हलावं लागतं. समथरकडच्या एका गावात मी असाच तोऱ्यात उठलो. बलकारनं इंजिन सुरू केलं. आणि मागून लाल झेंडी. का? तर पँट्रीतली कढई अजून घासायची होती. मी दात खाऊन म्हटलं, "गार्डसाहेब, निघायचंय."

"भांडी सुटी आहेत. वळणावर पडतील."

"पडू देत."

"पडू देत म्हणणाऱ्याच्या हातात मी गाडी देत नाही," ते म्हणाले, आणि शेतकऱ्याला हिंदीत म्हणाले, "दस मिनट लगेंगे. आप लोग तब तक बात कर लीजिए."

शेतकरी खळखळून हसला. त्यानंतर त्यानं जो दर धरला तो सोडला नाही. कढई घासली जाईपर्यंत मी त्याच्याच खाटेवर बसून त्याचाच चहा प्यायलो.

एकदा मात्र ते कामाला आले, तेही सांगतो, नाहीतर म्हणाल हा एकच बाजू सांगतो. मोंठकडे एका गावानं आमचं मशीन अडवलं. असं करतात लोक. आपलं कापून झालं नसेल तर रस्त्यावर बैलगाड्या आडव्या लावतात, म्हणतात, सबका कटेगा तब जाएगी. मी ओरडलो, हातघाईवर आलो, कोणीतरी माझी कॉलर धरली. गार्डसाहेब ट्रॉलीवरून खाली उतरले, कोटाची बटणं लावली, जी होती ती, आणि चालत पुढे गेले. एका बैलगाडीजवळ थांबून घड्याळ बघितलं. मोठ्यानं विचारलं, "यह गाड़ी किसकी है? नाम बताइए." कोणी नाव सांगेना. दुसऱ्या गाडीजवळ गेले. "और यह?" काही न होता, फक्त नाव विचारल्यानं, गाड्या एक एक करून बाजूला झाल्या. मी म्हटलं, बरं झालं. ते म्हणाले, "तू ओरडलास म्हणून अर्धा तास गेला." माझ्या फाटलेल्या कॉलरकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

त्यांचं एक वाक्य होतं, ते सारखं म्हणायचे. "उशिराचं कारण देता येतं. अपघाताचं देत बसावं लागतं." मला ते इतक्या वेळा ऐकावं लागलं की शेवटी ते तोंड उघडायच्या आत मीच म्हणून टाकायचो. त्यांना वाटायचं मी शिकलो.

आता चिरगाँवचं.

चिरगाँवहून आत, नहराच्या पलीकडे, एका ठाकुरांची जमीन आहे. त्यांना सगळे दाऊ म्हणतात, मीही म्हणायचो. दाऊंची आणि त्यांच्या भावांची शेतं एकाला एक लागून, मधे बांध तेवढे; अशा सलग पट्ट्याला तिकडे चक म्हणतात. मशीनवाल्याला अशी जमीन म्हणजे स्वर्ग. एकदा आत गेलं की रस्त्यावर यायला नको, कटर काढायला नको, नवं गिऱ्हाईक शोधायला नको. त्या एका जागेवर माझं जुनं मशीन इतकी वर्षं जगलं. नाहीतर आता बंद केबिनची, आत थंड हवा सोडणारी नवी मशीनं येतात. लोक माझा ठोकलेला पत्रा बघून तोंड फिरवतात.

त्या वर्षी दाऊंच्या भावांनी तेच सुरू केलं होतं, नवं मशीन बोलावू. बलकारलाही एका नव्या मशीनवाल्याचं बोलावणं होतं. त्यानं मला लपवलं नाही. "सेठ जी, दाऊ का काम पक्का रहा तो मैं आपके साथ. नहीं तो मुझे भी घर चलाना है." मी दाऊंच्या ओसरीवर जाऊन बसलो आणि आयुष्यात बोललो नसेन इतकं बोललो. शेवटी दाऊ म्हणाले, "ठीक है भैया. ई बेर पूरो चक तुमई काट दो, टैम पे. फिर हर साल तुमाई मशीन, कोऊ दूसरी नईं आहै." म्हणजे हे एक काम वेळेवर झालं की मशीन राहिलं, बलकार राहिला, मी राहिलो. नाही झालं तर काहीच राहिलं नाही. मी हे गार्डसाहेबांना नीट समजावून सांगितलं होतं. मुद्दाम मराठीत, एकट्याला गाठून. ते म्हणाले, "हो, कळलं. वेळेवर नेऊ."

ठरलेल्या दिवशी दुपारपासून पश्चिमेला ढग भरत होते. गहू कडक वाळलेला, हात लावला तर दाणा गळेल असा. आम्ही नहराच्या पुलावरून उतरलो. पुढे वाट एकच, एका बाजूला नहर, दुसऱ्या बाजूला खोल नाला. त्या वाटेवर, पंपघराच्या अलीकडे, विजेच्या मोठ्या तारा वाट ओलांडून जातात. भुशाचा एक ट्रक मागच्या आठवड्यात खांबाला घासून गेला होता. खांब कलला होता आणि तारा झोळीसारख्या लोंबत होत्या. घरांच्या लहान वायरी असतात तेव्हा आमचा माणूस मशीनवर चढून सुक्या बांबूनं त्या उचलतो आणि आम्ही खालून निघतो. या तारांना बांबू लावत नाहीत.

गार्डसाहेब ट्रॉलीवरून उतरून पुढे आले, तारांखाली उभे राहिले, वर बघितलं आणि लाल झेंडी धरली.

दाऊ, त्यांचे भाऊ आणि गावातले लोक आम्हाला घ्यायला तिथवर आले होते; दाऊंनी लगेच लाइनमनला फोन लावला. लाइनमन फोनवर म्हणाला, सप्लाई बंद है, निकाल लो. दाऊंनी ते सगळ्यांना ऐकू जाईल असं ऐकवलं. मी म्हटलं, "झालं? चला."

गार्डसाहेब म्हणाले, "प्रायव्हेट नंबर विचार त्याला."

"काय?"

"रेल्वेत फोनवर लाइन मोकळी दिली की देणारा एक गुप्त नंबर सांगतो. त्याच्या कागदावरचा. तो लिहून घेतल्याशिवाय गाडी सुटत नाही. नाहीतर फोनवर कोण बोललं, कोणत्या लाइनबद्दल बोललं, काय भरवसा? विचार त्याला."

मी विचारलं. मला आजही लाज वाटते, पण वेळ वाचेल म्हणून मी खरंच विचारलं. लाइनमन म्हणाला, "कौन सा नंबर, साब? मोबाइल नंबर तो यही है."

"नंबर नाही म्हणतो," मी सांगितलं.

"मग परवानगी नाही. माणूस समोर येऊन सांगू दे."

लाइनमन मोंठच्या बाजूला होता. यायला वेळ लागणार होता. वाऱ्यानं धूळ उठली. दाऊंचा धाकटा भाऊ माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काए सेठ, मशीन ठाड़ी काए है? ओरे पर जैहें तब काटहौ?" गारा पडल्यावर कापणार का, असं विचारत होता. मी मशीनच्या शिडीवर चढून बलकारला ओरडलो, "चलाओ! मशीन मेरी है! चलाओ!" इंजिन चालू होतं. बलकार समोर बघत होता. मी म्हटलं, "बहरे हो क्या?"

मग मी खाली उडी मारली, गार्डसाहेबांच्या काखेतून हिरवी झेंडी ओढून घेतली आणि मशीनसमोर उभा राहून ती हलवली. दोन्ही हातांनी हलवली. सगळं गाव बघत होतं. बलकारनं स्टिअरिंगवरचे हात काढले आणि गुडघ्यांवर ठेवले.

पहिली गार मशीनच्या पत्र्यावर वाजली तेव्हा झेंडी माझ्या हातातच होती.

किती वेळ पडल्या मला माहीत नाही. आम्ही मशीनच्या पोटाखाली बसलो होतो, सगळे, दाऊसुद्धा. समोर जे पिवळं होतं ते बघता बघता झोपलं आणि पांढरं झालं. थांबल्यावर नाल्याला पाणी वाहण्याचा आवाज येऊ लागला. मग डोक्यावर पोतं घेतलेला लाइनमन मोटरसायकलवरून आला. तारांकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. म्हणाला, "सप्लाई तो दोपहर से बंद है. फोन पे बताया तो था."

मी गार्डसाहेबांकडे बघितलं. मला त्या वेळी फक्त एक गोष्ट हवी होती. त्यांचा चेहरा पडावा. तो पडला नाही. त्यांनी लाइनमनला विचारलं, "आप खुद देख के आए हैं?" तो म्हणाला, हाँ. तेव्हा त्यांनी लाल झेंडी गुंडाळली, माझ्या हातातली हिरवी घेतली, शिट्टी फुंकली आणि बलकारला झेंडी दाखवली. आणि मशीन हललं! तारांखालून सुखरूप गेलं आणि चिखलात झोपलेल्या गव्हासमोर जाऊन उभं राहिलं.

दाऊ म्हणाले, "अब काए खों, भैया." आता कशाला, एवढंच. त्यांनी आवाज चढवला नाही. शिवी दिली असती तर मी उत्तर दिलं असतं. गार्डसाहेबांना म्हणाले, "बाबा, चाय पी के जइयो." मला तेवढंही म्हणाले नाहीत.

परतताना मी ट्रॉलीवर, त्यांच्या खुर्चीशेजारी उभा राहून चिरगाँव येईपर्यंत बोललो. काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. त्यांच्या खोट्या मंत्र्यापासून त्यांच्या पुण्याच्या मुलापर्यंत सगळं. ते मागे जाणारा रस्ता बघत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "सगळी माणसं आहेत ना? मोजलीस?"

"उतरा," मी म्हटलं. "इथंच उतरा. पुन्हा माझ्या मशीनवर दिसू नका."

त्यांनी शिट्टी वाजवून गाडी थांबवली, रीतसर, आणि उतरले. पाटी काढून काखेत घेतली. मी बघितलं तेव्हा बसस्टँडच्या दिशेनं चालत होते, कोट गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेला.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं नाही. दाऊंकडे पुढच्या वर्षापासून नवं मशीन लागलं. बलकार त्या आठवड्यातच गेला, पाया पडून गेला, पण गेला. दुसरा ड्रायव्हर ठेवला, तो दारू प्यायचा. दाऊंनी सोडलं हे कळल्यावर आसपासची गावंही सुटली. मशीन कानपूर रोडवर एका मोकळ्या प्लॉटमध्ये उभं राहिलं, चाकांत गवत वाढलं, आणि मग ते भंगारवाल्यानं नेलं. तुकडे करून नेलं. मी बघायला थांबलो नाही.

गार्डसाहेबांकडे मात्र मी गेलो होतो. मशीन उभं असतानाच, एकदा, भांडायला. मला त्यांच्या तोंडून एक वाक्य हवं होतं, चुकलं म्हणून. दुसरं काही नको होतं. खोलीत ते खाटेवर पडून होते. पुण्याची सून आली होती. तिला मराठी येत होती पण माझ्याशी हिंदीत बोलली, "बाबूजी को ज्यादा मत बुलवाइए." मी ज्यादा बुलवलं नाही. सरळ विचारलं, "सप्लाय बंद होती. तुमचं चुकलं की नाही?"

"चूक लाइनमनची," ते म्हणाले. "त्यानं नंबर दिला नाही."

"अहो, त्याच्याकडे नंबर नसतोच! त्या खात्यात तसलं काही नसतंच!"

"मग फोनवर परवानगी द्यायची नाही त्यानं."

"माझं मशीन गेलं, गार्डसाहेब."

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं आता बोलतील. ते म्हणाले, "जुनं झालं होतं." सून चहा घेऊन येत होती. मी तिला ओलांडून बाहेर पडलो. पावसाळ्याच्या आत ते गेले. मला कोणी कळवलं नाही, आणि कळवलं असतं तर मी गेलो असतो की नाही, सांगता येत नाही.

आता मी दुसऱ्यांच्या मशीनसाठी गावं ठरवून देतो. माझं स्वतःचं काही नाही, तोंड तेवढं आहे. या हंगामात चिरगाँवच्या चहाच्या टपरीवर उभा होतो, तर समोर एक नवंकोरं मशीन येऊन थांबलं आणि केबिनमधून बलकार उतरला. दाढी पांढरी झालेली. पाया पडला. आमच्याकडच्या दोन गावांसाठी त्याच्या मालकाचा दर सांगायला आला होता. आधी इकडचं तिकडचं बोललो. त्यानं बाबा जींचं विचारलं, मी सांगितलं. त्यानं कानाला हात लावला.

मग मी ते विचारलं. इतकी वर्षं विचारलं नव्हतं, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

"पाजी, एक बात बताओ. उस दिन वो बुड्ढा बीच में नहीं खड़ा होता, तो आप मशीन निकाल लेते ना?"

बलकारनं चहात फुंकर मारली. "ना जी."

"मैं कहता तब भी?"

"सेठ जी, तार तो मुझे भी दिख रही थी. बंद है, बंद है, सब बोल रहे थे, पर नीचे तो मुझे बैठना था. मैं तो रब का शुक्र कर रहा था कि बाबा जी बोल रहे हैं, मुझे नहीं बोलना पड़ रहा. आप मालिक थे. आपको ना कैसे करता?"

टपरीवाल्यानं रेडिओ लावला. रस्त्यावरून बस गेली, तिची धूळ आमच्यावर बसली. मग बलकारनं ग्लास खाली ठेवला आणि कामाचं काढलं. दर सांगितला. जास्त होता. कोणी पोरगंही ऐकून हसलं असतं इतका जास्त होता.

"ठीक है," मी म्हटलं.

बलकार माझ्याकडे बघत राहिला. "सेठ जी," त्यानं विचारलं, "तबीयत तो ठीक है ना?"